पुण्यात बसून अमेरिकन लष्करी डॉक्टरचं चरित्र कसं लिहायचं

दिवाळी अंकात चरित्रलेख द्यायचा म्हटलं की आपल्याकडे तीच दहा-बारा नावं फिरत राहतात, आणि संपादकही कंटाळलेत, फक्त बोलत नाहीत इतकंच. यंदा एखादा परका माणूस घेऊन बघा. घरबसल्या जमतं, पैसे फारसे लागत नाहीत, फक्त चिकाटी लागते आणि कुठला कागद आधी वाचायचा हे कळावं लागतं. उदाहरण म्हणून मी डॉ. बेंजामिन बोसमन घेतोय. जन्म १८४०, न्यूयॉर्क राज्यातलं ट्रॉय गाव, कृष्णवर्णीय कुटुंब, १८६४ ला डॉक्टर, लगेच अमेरिकन यादवी युद्धात (१८६१ ते ६५, गुलामी राखू पाहणारी दक्षिण विरुद्ध उत्तर) उत्तरेच्या फौजेत काळ्या सैनिकांवर उपचार, युद्ध संपल्यावर साउथ कॅरोलायनामधल्या चार्ल्स्टनला दवाखाना, १८६८ ते १८७३ राज्याच्या विधिमंडळात, मग शहराचा पोस्टमास्टर आणि १८८१ च्या फेब्रुवारीत मृत्यू. चाळिशीच्या आसपास माणूस संपला. एवढं भरगच्च आयुष्य आणि मराठीत तरी माझ्या वाचनात त्याच्यावर काही आलेलं नाही.

आता पुण्यातल्या माणसाने याच्या वाटेला का जावं? कारण तारखा. बोसमन पोस्टमास्टर झाला १८७३ ला. त्याच साली इकडे जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ छापून आली, ती त्यांनी अर्पण केली अमेरिकेतल्या लोकांना, तिथल्या गुलामांना मोकळं करण्यासाठी त्यांनी जे केलं त्याबद्दल. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सत्यशोधक समाज. म्हणजे फुले ज्या घटनेकडे पुण्यातून बघत होते तिच्या आत हा डॉक्टर उभा होता. शिवाय आपल्याकडे डॉ. विश्राम रामजी घोले होतेच, लष्करात सर्जन, नंतर पुण्यात प्रॅक्टिस, सत्यशोधकांपैकी, फुल्यांच्या आजारपणात त्यांच्यावर उपचार करणारे. घोले रोडवरून रोज जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं तो वेगळा विषय. पण वाचकाला हात धरून चार्ल्स्टनला न्यायचं तर घोले रोडवरून नेता येतं, एवढं लक्षात ठेवा. सुरुवातीलाच एक एक्सेल शीट उघडा, डाव्या कॉलमला साल, मधे बोसमन, उजवीकडे पुणे. लेखात यातलं फार थोडं येईल, पण लिहिताना तोल राहतो.

मुख्य गोष्ट आता सांगतो, बाकी सगळं तिच्याभोवती आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांच्या गावात हे सांगायची खरं तर गरज नाही, पण अस्सल कागद आधी आणि बखरी नंतर. अमेरिकन माणसाच्या बाबतीत अस्सल कागद म्हणजे ज्यावर कोणाला तरी पैसे मिळाले, कोणी तरी सही केली किंवा सरकारी माणसाने दारात उभं राहून नोंद केली असा कागद: जनगणना, पगारपत्रक, नेमणुकीचं पत्र, करार, पेन्शनची फाईल. आणि बखरी म्हणजे मृत्युलेख, वर्तमानपत्रातली स्तुती किंवा शिवीगाळ, आणि ते जाडजूड काउंटी इतिहास, म्हणजे एकेका जिल्ह्याचे. हे काउंटी इतिहास १८७० नंतर खंडीभर निघाले, सुंदर बांधणी, स्टीलवर कोरलेली चित्रं, आणि शेवटी गावातल्या प्रतिष्ठितांची चरित्रं. पुस्तक वर्गणीवर विकलं जायचं, चरित्राची माहिती बऱ्याचदा तो माणूस किंवा त्याचं कुटुंबच पुरवायचं. आपल्याकडचा षष्ट्यब्दीपूर्तीचा गौरवग्रंथ आठवा, तोच प्रकार. त्यामुळे अशा पुस्तकात ‘लढाईत अतुलनीय शौर्य गाजवले’ वाचलं की ते वाक्य बाजूला काढून ठेवायचं आणि रेजिमेंटच्या कागदात तो त्या दिवशी हजर होता का ते आधी बघायचं. बऱ्याचदा सुट्टीवर असतो.

शोधायला बसायच्या आधी नावाचा बंदोबस्त करा. त्या काळी कारकून कानाला ऐकू येईल तसं लिहायचे, त्यामुळे बोसमन, बोझमन, बोसमॉन सगळं टाकून बघावं लागतं, कधी नुसती आद्याक्षरं आणि पुढे आडनाव. बोझमन टाकलंत की माँटाना राज्यातलं बोझमन शहर येऊन अंगावर पडतं, ते जॉन बोझमन नावाच्या दुसऱ्याच माणसाच्या नावाचं आहे, ते गाळायला सोबत चार्ल्स्टन किंवा ट्रॉय शब्द द्या. तारखांचंही तसंच, अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर, २/३ लिहिलं असेल तर ती ३ फेब्रुवारी. आपल्या शीटमध्ये महिना कायम अक्षरी लिहा, हा एक नियम पाळलात तर पुढचा निम्मा गोंधळ वाचतो.

जनगणनेपासून सुरू करा. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर फुकट खातं उघडता येतं आणि मूळ पानांचे फोटो दिसतात. दहा-दहा वर्षांची रांग आहे, पण प्रत्येक वर्षाचं पान वेगळं असतं आणि ते कळलं नाही तर माणूस हरवला असं वाटतं. १८५० च्या आधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव, बाकी नुसते आकडे. १८५० पासून घरातल्या प्रत्येक मुक्त माणसाचं नाव येतं. मुक्त हा शब्द इथे महत्त्वाचा, कारण गुलामांची यादी १८५० आणि १८६० ला वेगळी असायची आणि त्यात गुलामाचं नाव बहुतेक नसायचंच, मालकाचं नाव आणि खाली वय, लिंग, रंग. बोसमनचं कुटुंब उत्तरेत मुक्त होतं म्हणून त्याला युद्धाआधीच्या पानांवर नावाने शोधता येतं. चार्ल्स्टनमध्ये तो ज्यांच्यावर उपचार करत होता त्यातल्या बहुतेकांची नावं सरकारी जनगणनेत पहिल्यांदा आली ती १८७० ला. हे एक वाक्य लेखात जरूर घ्या, दुसरं काही सांगायची गरजच पडत नाही.

१८७० चं पान तर नीट मोठं करून बघाच. नाव, वय, लिंग, रंग, धंदा, मग जमीनजुमल्याची किंमत, मग इतर मालमत्तेची किंमत, जन्माचं ठिकाण, आई-बाप परदेशात जन्मलेत का, वाचता येतं का, लिहिता येतं का, आणि अगदी उजव्या कडेला दोन अरुंद रकाने. एकात २१ वर्षांवरचा पुरुष नागरिक आहे का, आणि शेवटच्यात त्याचा मताचा हक्क बंडखोरी किंवा गुन्हा सोडून इतर कारणाने नाकारला गेलाय का! असा रकाना काढला होता, कारण असा हक्क नाकारणाऱ्या राज्याचे प्रतिनिधी कमी करायची तरतूद चौदाव्या घटनादुरुस्तीत होती. आता जनगणनेचा माणूस दारात उभा राहून कोणाला विचारणार की बाबा तुला मत देऊ देत नाहीत का, त्यामुळे तो रकाना फारसा कामाचा ठरला नाही, पण त्या वर्षीचं राजकारण त्या एका अरुंद पट्टीत दिसतं. १८८० च्या पानावर कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं असतं, त्यामुळे कोण बायको कोण भाची ते तिथे उलगडतं. १८९० ची पानं शोधत बसू नका, १९२१ च्या आगीपायी बहुतेक सगळी गेली.

शिक्षणाच्या बाबतीत आपले वाचक घोटाळा करतात, कारण डोक्यात डॉ. आनंदीबाई जोशी असतात. त्या १८८६ च्या आणि फिलाडेल्फियाच्या, त्याच्या बावीस वर्षं आधीचं कॉलेज वेगळं होतं. बोसमन शिकला मेन राज्यात, बोडन कॉलेजच्या मेडिकल स्कूलमध्ये. तेव्हाची साधारण पद्धत अशी की आधी एखाद्या डॉक्टरच्या हाताखाली साधारण तीन वर्षं काढायची, त्याच दरम्यान काही महिन्यांच्या लेक्चरचा एक कोर्स करायचा, पुढच्या वर्षी बऱ्याच ठिकाणी तोच कोर्स परत ऐकायचा, एक प्रबंध लिहायचा आणि परीक्षा. एमबीबीएस नाही, इंटर्नशिप नाही, बहुतेक राज्यांत प्रॅक्टिसचा परवानाही नाही. हे तुच्छतेने लिहू नका, सगळ्या देशाचीच ती रीत होती. त्या कॉलेजचे वार्षिक कॅटलॉग इंटरनेट अर्काइव्हवर हुडका, त्यात विद्यार्थ्यांची नावं, गाव आणि कोणाच्या हाताखाली शिकतोय ते छापलेलं असतं. याच कॉलेजातून १८४९ ला जॉन डिग्रास नावाचा कृष्णवर्णीय डॉक्टर बाहेर पडला होता आणि तोही पुढे फौजेत गेला, त्यामुळे बोसमनला ‘पहिला’ म्हणायची घाई नको. पहिला, एकमेव, सर्वात तरुण, हे शब्द जिथे येतील तिथे लाल खूण करायची आणि पुरावा मिळेपर्यंत ती काढायची नाही.

फौजेचा भाग सगळ्यात किचकट आणि सगळ्यात मजेचा. लोक काय करतात, सैनिकांच्या डेटाबेसमध्ये नाव टाकतात, काही येत नाही, आणि मग ‘नोंदी उपलब्ध नाहीत’ लिहून मोकळे होतात. अहो, नोंदी आहेत, दार वेगळं आहे. यादवी युद्धात डॉक्टर तीन-चार प्रकारचे होते. रेजिमेंटचा सर्जन, हुद्दा मेजरचा. त्याच्या हाताखाली असिस्टंट सर्जन. आणि तिसरे ज्यांना ‘अॅक्टिंग असिस्टंट सर्जन’ म्हणायचे, म्हणजे महिन्याच्या करारावर घेतलेले मुलकी डॉक्टर, त्यांना हुद्दा नाही, सनद नाही, पगार साधारण शंभर डॉलरच्या आसपास. बोसमन या तिसऱ्या प्रकारात होता. त्यामुळे तो कुठल्या रेजिमेंटच्या हजेरीपटावर शोधायचाच नसतो. अमेरिकेच्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये रेकॉर्ड ग्रुप ९४ आहे, अॅडज्युटंट जनरलच्या कचेरीचा, त्यात मेडिकल ऑफिसर आणि करारी डॉक्टर यांच्या वैयक्तिक कागदांची एक वेगळी मालिका आहे. तिथे ईमेल करून विचारायचं, पूर्ण नाव, सगळी स्पेलिंगं, साल आणि ठिकाण देऊन. ‘मला बोसमनबद्दल सगळी माहिती पाठवा’ असं लिहिलंत तर उत्तरही तसंच गुळमुळीत येईल.

कराराचा डॉक्टर म्हणजे काय ते वाचकाला कळायला शेजारी अलेक्झांडर ऑगस्टा ठेवा. हा टोरँटोला शिकलेला कृष्णवर्णीय डॉक्टर, १८६३ ला त्याला मेजरचा हुद्दा मिळाला आणि तो काळ्या सैनिकांच्या सातव्या रेजिमेंटचा सर्जन झाला. १८६४ च्या फेब्रुवारीत त्याच्या हाताखालच्या गोऱ्या असिस्टंट सर्जननी थेट लिंकनला पत्र लिहिलं की काळ्या माणसाच्या हाताखाली काम करणं आमच्या अब्रूला शोभत नाही, तोडगा काढा. वर बाल्टिमोरच्या पगार वाटणाऱ्या अधिकाऱ्याने या मेजरला महिना सात डॉलर देऊ केले. सात कुठून आले? काळ्या शिपायाला दहा डॉलर ठरलेले, त्यातले तीन कपड्यांचे कापून सात. गोऱ्या शिपायाला तेरा. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, शिपायांचा पगार सारखा केला तो १८६४ च्या जूनमध्ये. आता बोसमनच्या शंभराकडे बघा. हुद्दा नाही पण पैसा बरा, आणि हाताखाली गोरा अधिकारी यायचा प्रश्नच नाही. फौजेला हे सोयीचं होतं असं माझं मत आहे, आणि ते लेखात लिहायचं तर माझं मत म्हणूनच लिहा, कागदात तसं वाक्य मिळणार नाही. एक मात्र करा, डॉलरचे आजचे रुपये करू नका. शंभर आणि तेरा आणि सात एवढे तीन आकडे शेजारी ठेवले की काम झालं.

हस्ताक्षर हा वेगळाच छळ. भारत इतिहास संशोधक मंडळात मोडीचे वर्ग केलेल्यांना फार वाटणार नाही, पण बाकीच्यांसाठी एक युक्ती. त्या काळचे बरेच अमेरिकन कारकून दोन ‘एस’ लागोपाठ आले की पहिला ‘एस’ लांब, वर-खाली शेपटी काढून लिहायचे, तो दिसतो ‘एफ’ किंवा ‘पी’सारखा. असिस्टंट सर्जन या शब्दात नेमके दोन ‘एस’ शेजारी, त्यामुळे तो ‘अफ्सिस्टंट’ दिसतो, मॅसॅच्युसेट्सचंही तेच, आणि ज्यांनी ही पानं कॉम्प्युटरवर चढवली त्यांनीही पुष्कळदा तसंच टाइप करून ठेवलंय. सर्चमध्ये नीट स्पेलिंगने काही येईना तर हे चुकीचं स्पेलिंग टाकून बघा. कारकुनाच्या एका पानावरून त्याची सगळी अक्षरं कापून एका कागदावर चिकटवा, मोठा ‘एल’, मोठा ‘एस’, मोठा ‘टी’, मग नाव वाचा. नावापासून सुरुवात केली की डोळा आपल्याला हवं ते वाचतो.

काम काय करायचा हे लिहिताना करवतीने पाय कापल्याचे सीन रंगवायचा मोह होतो, तो आवरा. बोसमन होता हिल्टन हेडला, साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरचं बेट, १८६१ च्या नोव्हेंबरातच उत्तरेच्या ताब्यात आलेलं, तिथे मोठा तळ आणि हॉस्पिटल. १८६२ पासून तिथेच मुक्त झालेल्या लोकांनी मिचेलव्हिल नावाचं गाव वसवलं. डॉक्टरचं काम दोन प्रकारचं, आजारी आणि जखमी सैनिक बघणं आणि नव्या भरतीची तपासणी. तपासणीत दात बघायचे, कारण बंदुकीची कागदी पुडी दाताने फाडावी लागायची, समोरचे दात नसतील तर माणूस बाद. आणि मरण गोळीने कमी, हगवण, टायफॉइड, मलेरिया, देवी यांनी जास्त. सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक त्या युद्धात उत्तरेकडून होते, त्यातले लढाईत तीन हजाराच्या आसपास गेले आणि आजाराने जवळपास तीस हजार. जंतूंचा सिद्धांत अजून तिकडे पोचलेला नव्हता, क्विनाईन होतं, क्लोरोफॉर्म होतं. सरकारने नंतर या सगळ्याचा सहा जाडजूड भागांचा वैद्यकीय इतिहास छापला, १८७० ते १८८८, तोही ऑनलाइन मोफत आहे, तक्ते आणि चित्रांसकट, जेवायच्या आधी उघडू नका.

तुम्ही बोसमन न घेता दुसरा कोणी सनदी डॉक्टर घेतलात तर पेन्शनची फाईल मागवाच. विधवेला लग्न सिद्ध करावं लागायचं, मुलांचे जन्म सिद्ध करावे लागायचे, मग शेजारी, सुईण, पाद्री सगळे येऊन शपथेवर सांगायचे, त्यात घरातलं असं काही बाहेर येतं की कुठल्या मृत्युलेखात मिळायचं नाही. बहुतेक फायली स्कॅन झालेल्या नाहीत, कॉपीचे पैसे डॉलरमध्ये आणि आपल्या खिशाला लागतात, वेळही लागतो. म्हणून दिवाळीचा लेख असेल तर फाईल होळीलाच मागवा, गणपतीत मागवून उपयोग नाही.

राजकारणाकडे वळताना पहिलं वाक्य असं लिहा की वाचकाने आजचे पक्ष डोक्यातून काढावेत. १८६८ चा रिपब्लिकन म्हणजे लिंकनचा पक्ष, दक्षिणेतले काळे मतदार त्याच पक्षाबरोबर, आणि डेमोक्रॅट म्हणजे तिथे जुन्या मालकवर्गाचा पक्ष. हे सांगितलं नाही तर व्हॉट्सॲपवर रोज अमेरिकन निवडणुका बघणारे आपले काका लोक सगळं उलटं वाचतात. मग हरलेल्या दक्षिणेसाठी संसदेने केलेले १८६७ चे कायदे, फौजेच्या देखरेखीखाली नवी मतदारयादी, १८६८ ची नवी राज्यघटना, आणि राज्याची राजधानी कोलंबिया, तिथे भरलेलं असं विधिमंडळ की ज्याच्या १२४ जणांच्या खालच्या सभागृहात काळे सदस्य बहुसंख्य होते. त्या काळात दुसऱ्या कुठल्या राज्यात असं झालं नाही. बोसमन चार्ल्स्टनमधून तिथे गेला. १८६९ ला राज्याच्या विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळावर त्याची आणि फ्रान्सिस कार्डोझोची निवड झाली, तिथले पहिले काळे विश्वस्त (इथली लाल खूण काढायला हरकत नाही). १८७० ला त्याने नागरी हक्कांचं विधेयक मांडलं, सरकारी परवान्यावर चालणाऱ्या धंद्यांनी आणि प्रवासी वाहतुकीने रंगावरून माणसात फरक करायचा नाही, असा त्याचा गाभा, आणि ते मंजूर झालं. सभागृहाची छापील इतिवृत्तं हाथीट्रस्ट या ऑनलाइन ग्रंथालयात शोधा, कोणत्या दिवशी कोण कोणत्या बाजूला मत देऊन बसला ते नावानिशी आहे. हे इतिवृत्त म्हणजे राजकारण्याचा अस्सल कागद. भाषणं सुंदर असतात, पण मतदानाची यादी बघितल्याशिवाय माणूस कळत नाही.

वर्तमानपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या क्रॉनिकलिंग अमेरिकावर फुकट आहेत. चार्ल्स्टन डेली न्यूज तिथे मिळेल, पण तो पेपर या सभागृहाच्या विरोधात होता, त्यामुळे त्यातलं वर्णन जसंच्या तसं उचलू नका. शेजारी त्याच वर्षांचा न्यू नॅशनल इरा ठेवा, गुलामीतून सुटून नेता झालेल्या फ्रेडरिक डग्लसचा वॉशिंग्टनहून निघणारा पेपर. एकच अधिवेशन दोन्हीकडे वाचलं की जे दोघांनाही मान्य आहे तेवढं खरं धरायचं, म्हणजे तारीख, विधेयक, मतं, कोण बोललं. एक शहाणपणाची खूण सांगतो: विरोधी पेपरने बोसमनबद्दल बरा शब्द लिहिला असेल तर तो वजनदार धरा, आणि तो कशासाठी लिहिलाय तेही बघा, कारण ‘हा एक बरा, बाकीचे बघा कसे’ अशी ती चाल असू शकते. जेम्स पाइक नावाच्या उत्तरेकडच्या पत्रकाराने या विधिमंडळाची टर उडवणारं पुस्तक १८७४ ला काढलं आणि पुढची पन्नास-साठ वर्षं बऱ्याच इतिहासकारांनी तीच री ओढली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विल्यम डनिंग आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तर त्याचा संप्रदायच केला. आता गंमत बघा, आंबेडकर १९१३ ते १६ याच कोलंबियात शिकत होते, डनिंग तेव्हा तिथेच शिकवत होते. त्या इतिहासाला १९३५ मध्ये जोरदार उत्तर दिलं कृष्णवर्णीय विद्वान डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांनी, आणि १९४६ ला आंबेडकरांनी त्याच ड्युबॉइसना पत्र लिहिलं होतं. त्यामुळे १९३५ च्या आधीचं कुठलंही अमेरिकन पुस्तक या काळाबद्दल सरसकट ‘भ्रष्ट’, ‘अडाणी’ म्हणायला लागलं की जरा थांबून लेखक कुठे शिकला ते बघा. भ्रष्टाचार झालाच नाही असंही नाही, राजधानी कोलंबियात (विद्यापीठात नव्हे) पैसे खाल्ले गेले, खाणाऱ्यांत गोरे-काळे दोन्ही होते. एरिक फोनर यांनी १९९३ ला त्या काळातल्या दीड हजारांच्या आसपास काळ्या लोकप्रतिनिधी आणि अधिकाऱ्यांची चरित्रसूची केली, त्यात आपला डॉक्टर आहे. ती आधी वाचायचा मोह होईल. वाचा, पण स्वतःची शीट भरून झाल्यावर, म्हणजे कुठे काय जुळत नाही ते तुम्हालाच दिसेल.

पोस्टमास्टरचा भाग लोक एका ओळीत उरकतात. डॉक्टर माणूस आमदारकी सोडून टपाल खात्यात का गेला, असं वाचकाला वाटणारच. मोठ्या शहरातली ही नेमणूक खुद्द राष्ट्राध्यक्षाकडून व्हायची, ग्रँटने त्याला नेमलं, आणि पगार ठरलेला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ही जागा वॉशिंग्टनच्या हातातली होती. १८७७ ला साउथ कॅरोलायनामधली सत्ता डेमोक्रॅटांकडे गेली, आमदार असता तर घरी बसला असता, पण केंद्रात रिपब्लिकन राहिले म्हणून बोसमन मरेपर्यंत खुर्चीवर राहिला. याचा अस्सल कागद पण आहे, अमेरिकन सरकार दर दोन वर्षांनी सगळ्या सरकारी नोकरांचं एक रजिस्टर छापायचं, नाव, जन्म कुठल्या राज्यात, नेमणूक कुठे, पगार किती. १८७३, ७५, ७७, ७९ असे खंड एकामागून एक काढा आणि चार्ल्स्टनचं पान उघडा, पोस्टमास्टरच्या खाली त्याचे कारकून आणि टपालवालेही नावानिशी आहेत. ती नावं परत १८८० च्या जनगणनेत शोधलीत तर ऑफिसात काळे किती, गोरे किती हे तुम्हाला स्वतः काढता येईल. इतकं केलंत तर लेखात नवीन काहीतरी आहे असं म्हणायला जागा आहे.

कामाची व्यवस्था म्हणाल तर प्रत्येक फोटोच्या फाईलला आधी साल, मग ठिकाण, मग काय आहे ते असं नाव द्या, आणि लिंक त्याच दिवशी शीटमध्ये चिकटवा. मोठ्या पीडीएफ बुधवारी रात्रीच उतरवून ठेवा, गुरुवारी आपल्याकडे लाईटचं काही खरं नसतं. ताजे शोधनिबंध पैसे मागतात, त्यासाठी जयकर ग्रंथालयात किंवा ओळखीच्या प्राध्यापकाकडे चौकशी करा, पण खरं सांगायचं तर वर सांगितलेलं बहुतेक सगळं फुकटात होतं.

लिहायला बसलात की जन्मापासून सुरू करू नका. पोस्ट ऑफिसचं पान किंवा १८७० चं विधेयक, यापैकी एक घ्या आणि तिथून मागे जा. फुले आणि घोले एकदाच आणा, दर परिच्छेदाला पुणे आणलं की वाचक वैतागतो. बोसमनच्या मनात काय चाललं होतं ते लिहायचं नाही, त्याने काय मागितलं, कशावर सही केली, कुठे मत दिलं एवढं लिहायचं. ड्राफ्ट झाला की एका डॉक्टरला आणि एका वकिलाला वाचायला द्या, दोघंही निवृत्त असतील तर उत्तम, सदाशिवात शनिवारात एक हाक मारली की चार मिळतील. डॉक्टर क्लोरोफॉर्मवरून पकडेल आणि वकील विचारेल की तो कायदा पुढे लागू झाला का, खटला कुठे आहे. त्याचं उत्तर शोधायला परत चार्ल्स्टनच्या पेपरात १८७० ते १८७३ च्या कोर्टाच्या बातम्या चाळाव्या लागतील, तेवढे आठ-दहा दिवस संपादकाला दिलेल्या तारखेत आधीच धरून ठेवा.